एका लॉरीसाठी छप्पर

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा आणि दुसरा सुट्या भागांचा. "पार्ट मिळतात का हो अजून?" तर मिळतात. भद्रकालीत नाही मिळाले तर मालेगावात मिळतात, तिथे नाही मिळाले तर कोणी तरी लेथवर कातून देतो. पैसेही, थोडे थोडे का होईना, जमतात. पण तिसरा एक प्रश्न आहे. तो सहसा कोणी विचारत नाही आणि आम्हीही स्वतःला वेळेवर विचारला नाही. ही गाडी ठेवायची कुठे? म्हणजे उभी करण्यापुरती नव्हे, तर उघडी करून, तिची हाडे नि कातडे वेगळे करून, सहा-आठ महिने कोरडी ठेवायची कुठे? आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या छपराविषयी.

गाडी कोणती ते आधी सांगतो. ती एका टुरिंग टॉकीजची लॉरी आहे. तुमच्यापैकी ज्यांचे लहानपण जत्रेच्या गावात गेले असेल त्यांना अधिक सांगायला नको. तंबूच्या एका तोंडाशी लॉरी लावलेली असे. तिच्या मागच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आणि त्या खिडकीतून निघणारा प्रकाशाचा झोत थेट समोरच्या पडद्यावर. लॉरीच्या आत यंत्र पक्के बसवलेले असे. आगीच्या भीतीने आतून सगळा पत्रा मारलेला. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करीत, आणि त्याचा धूर बाहेर जावा म्हणून टपाला भोक पाडून धुराडे काढलेले असे. पण ती नुसती यंत्राची खोली नव्हती. दसरा-दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, काही वेळा त्याही पुढे, पाच-सहा माणसांचा संसार त्या लॉरीत चाले. रिळांच्या पेट्यांवर फळी टाकून झोपायचे, खाली स्टोव्हवर भात शिजायचा, आणि दोरीवर सदरे वाळायचे.

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून ओढायची घरे १९३० च्या दशकात फार लोकप्रिय झाली. १९३६ साली निघालेल्या 'एअरस्ट्रीम क्लिपर'सारख्या ॲल्युमिनियमच्या गाड्या आज तिकडचे हौशी लोक शोधून काढून नव्याने उभ्या करतात. आपल्याकडे सहलीसाठी असली घरे कोणी ओढली नाहीत. आपली चाकांवरची घरे पोटासाठी फिरली. तमाशाच्या फडाच्या गाड्या, सर्कशीच्या गाड्या आणि ही सिनेमाची लॉरी.

या धंद्याला आपल्या भागात जुनी परंपरा आहे. चित्रपट यायच्या आधीच, १८९२ च्या सुमारास, कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ गावोगाव नेऊन दाखवायला सुरुवात केली होती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवणारे दादासाहेब फाळके तर आपलेच. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशिकातच वारले. त्यांच्या त्या पहिल्या चित्रपटाची संपूर्ण प्रत आज उरलेली नाही. पुढे १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि रिळांना हक्काचे, थंड, कोरडे छप्पर मिळाले. पण ती रिळे वणीच्या नि पुसेगावच्या जत्रेपर्यंत ज्या लॉऱ्यांनी नेली, त्यांचे काय? फिरत्या टॉकीजवाल्यांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात या जुन्या गाड्या आणि गंजलेली यंत्रे डोळे भरून पाहायला मिळतात. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली तेव्हा या लॉऱ्यांचे काम संपले, आणि बहुतेक भंगारात गेल्या.

आमच्या हाती आलेली लॉरी निफाड तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या मालकाची. चासी टाटा-मर्सिडीजची. टेल्कोने डायमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ ते १९६९ या काळात ज्या लॉऱ्या काढल्या त्यांतली, पुढे नाक असलेली. वरची बांधणी सागवानी चौकटीची आणि बाहेरून पत्र्याची. उजव्या अंगाला कुणा पेंटरने हाताने रंगवलेला मोर होता आणि त्याच्या भोवती टॉकीजचे नाव. त्या मोरावर आमचा जीव जडला. आम्ही म्हणजे मी, कॉलेजातले माझे दोन सहकारी आणि एक सुतार. त्या सुताराला आम्ही सगळे नानाच म्हणतो.

पहिल्या वर्षी आमच्याकडे छप्पर नव्हते. आम्ही म्हटले, ताडपत्री आहे की! मे महिन्यात एका मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर लॉरी उभी केली, चांगली जाड ताडपत्री आणून चारी बाजूंनी गच्च आवळून बांधली, आणि पाऊस पडू लागल्यावर घरात बसून समाधान मानले. नाशिक शहरात पाऊस तसा बेताचा, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे इगतपुरीत तीन हजारांच्या वर पडतो. तेव्हा भ्यायचे काय?

ऑक्टोबरात ताडपत्री सोडली तेव्हा कळले. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता, आणि तरी आत सगळे ओले होते. असे झाले होते की, जमिनीतली ओल वर येई, दिवसा ताडपत्रीखाली कोंडे, रात्री गार पडली की ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरत आणि पुन्हा लॉरीवरच ठिबकत. जिथे जिथे लाकडातून लोखंडी बोल्ट आरपार गेला होता, तिथे बोल्ट गंजून फुगला आणि लाकूड कुजले. उजव्या अंगाच्या पत्र्याखालची चौकट हाताने कुस्करता येत होती. नानांनी पत्रा सोडवायला हात लावला आणि मोराचा रंग पापुद्र्यांनी गळून पडला. चोचीपासून पायापर्यंत सगळा. पन्नास वर्षे उन्हापावसात जत्रा करीत फिरली तेव्हा टिकलेला मोर आम्ही चार महिन्यांत घालवला, तोही तिचे रक्षण करताना. गाडी नुसती उघड्यावर उभी राहिली असती तरी वारा लागून वाळली असती.

तेव्हापासून आम्ही छपराच्या मागे लागलो. तुम्हाला असले काम करायचे असेल तर आमचा हिशेब सांगतो. लॉरी तेवीस फूट लांब नि साडेसात फूट रुंद. माणसाला वाकून, फळी घेऊन वळता आले पाहिजे म्हणून चारी बाजूंनी पाच पाच फूट सोडले, तर तेहेतीस फूट बाय साडेसतरा फूट जागा झाली. सुटे केलेले भाग ठेवायला आणखी तेवढीच, कारण सोडवलेली गाडी बांधलेल्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. उंची साडेदहा फूट, वर फूटभर धुराडे, आणि टपावर बसून काम करायचे तर आणखी चार फूट. खाली काँक्रीट हवे. मुरमाच्या जमिनीत जॅक रुततो, आणि गाडीखाली माणूस झोपलेला असताना जॅक रुतणे परवडत नाही. वेल्डिंगसाठी थ्री फेज वीज हवी. आणि भिंती असाव्यात पण वारा खेळता हवा. हे शेवटचे आम्ही मोर देऊन शिकलो.

एवढे घेऊन गावात फिरायला लागा, म्हणजे आपले शहर तुम्हाला निराळेच दिसू लागते. आम्ही देवळात गेलो तरी आधी सभामंडपाची उंची बघत असू. जुन्या नाशकातल्या वाड्यांना चौक आहेत, पण दिंडी दरवाजातून बैलसुद्धा तिरका न्यावा लागतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा मिळत होता. वीज होती, फरशी होती, सगळे होते. फक्त शटर दहा फुटांचे. आम्ही धुराडे उतरवले, चाकांतली हवा सोडली, तरी चार बोटे कमी पडली. शिवाय गाळा पोटभाड्याने द्यायचा तर महामंडळाची परवानगी घ्यावी लागते, आणि भाडे बारा महिने चालू राहते, आमचे काम मात्र रविवारी. त्या चार बोटांचे मी मनातून आभारच मानले.

मग एका सहकाऱ्याला मंगल कार्यालय सुचले. कल्पना वाईट नव्हती. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हॉल रिकामे, आणि पावसाचेही तेच महिने! मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, ही लादी कितीची आहे माहीत आहे का?" आम्ही चहा घेऊन परतलो.

पण त्या फजितीतून एक गोष्ट डोक्यात शिरली. आम्ही इतके दिवस जागा शोधत होतो ती फुटांनी. ती शोधायला हवी होती पंचांगाने. वर्षातले काही महिने भरलेली आणि काही महिने ओस पडलेली छपरे कोणती? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा तर शेताकडे जायला हवे. पहिली आठवते ती कांद्याची चाळ. पण उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा निघतो. म्हणजे आपल्याला हवी तेव्हाच ती भरलेली. आणि चाळ अरुंद असते, लॉरी तिच्यात मावायची नाही.

द्राक्षाचे मात्र उलट. माल निघतो तो जानेवारी ते एप्रिल. नंतर खरड छाटणी, पुढे ऑक्टोबरात गोड्या बहाराची छाटणी, ही सगळी कामे बागेत. माल भरायची शेड मे ते डिसेंबर रिकामीच पडलेली असते. मोठ्या पॅकहाऊसांचा आम्हाला उपयोग नव्हता. तिथे कंटेनर लावायला चार फुटी ओटा असतो, त्यावर लॉरी चढणार कशी? पण मध्यम बागायतदाराच्या शेडमध्ये क्रेट लादलेला ट्रॅक्टर सरळ आत जातो. दिंडोरी तालुक्यात तशी एक मिळाली. दार चौदा फूट, जमिनीबरोबर काँक्रीट, थ्री फेज, वरच्या अंगाला जाळी.

मालक तरुण गृहस्थ. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वयाने लहान असले तरी. ते म्हणाले, "जागा वापरा सर, भाडंबिडं नको. पण रंगाचा स्प्रे माझ्या शेडात मारायचा नाही, अन् जुना रंग खरवडायचा तोही बाहेर." मला वाटले वासाचा त्रास असेल. प्रकार त्याहून गंभीर होता. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात नाकारले गेले होते, आणि अनेक बागायतदार त्यात पुरते बुडाले. निर्यातीचा माल अंशासाठी तपासल्याशिवाय जात नाही. आमच्या लॉरीवर तर साठ वर्षांपूर्वीचे तैलरंग, त्यांत शिसे असायचेच. ती भुकटी क्रेटवर बसली तर? रविवारची हौस आमची, आणि वर्षाचे पीक त्यांचे. ती अट आम्ही लगेच मान्य केली. आजही खरवडायचे काम निघाले की लॉरी ढकलत बाहेर आणतो, खाली कागद अंथरतो आणि भुकटी गोळा करून नेतो.

या अटीमुळे कामाचा क्रमही ठरून गेला. दुसऱ्याच्या छपराखाली काम करायचे तर गाडीची चाके आणि ब्रेक आधी. इंजिन मागाहून, रंग सगळ्यात शेवटी. जी गाडी ढकलली तर हलते तिला कोणीही जागा देतो. चाके काढून ठोकळ्यांवर बसवलेली गाडी म्हणजे न उठणारा पाहुणा. पावसाळ्यात वायरिंग आणि इंजिन. सुतारकाम ऑक्टोबरनंतर, कारण पावसात लाकूड फुगलेले असते. तेव्हा घट्ट बसवलेला सांधा चैत्रात खुळखुळतो. खरवडलेला पत्राही ऑक्टोबरनंतरच, नाही तर दमट हवेत एका रात्रीत त्याच्यावर तांबूस पदर चढतो.

गेल्या सप्टेंबरात म्हातारे मालक लॉरी पाहायला आले. नवी चौकट, नवे ब्रेक, सगळे आम्ही कौतुकाने दाखवले. त्यांनी तिकडे फारसे पाहिले नाही. शिडी मागितली, नको नको म्हणत असताना चढले आणि धुराड्याच्या भोकाभोवती बोट फिरवले. "इथून गळायची," म्हणाले. "पाऊस आला की मी इथे पत्र्याचा डबा पालथा घालायचो. तुम्ही काय घातलंय?" आम्ही काहीच घातले नव्हते, छप्पर होते ना! त्यांनी आप्पांकडून एक रिकामा डबा मागून घेतला आणि पालथा घातला. तो अजून तिथेच आहे. मोराविषयी त्यांनी विचारले नाही. मीही काही सांगितले नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेड झाडून, धुऊन आप्पांच्या ताब्यात दिली आणि लॉरी बाहेर शेवग्याखाली उभी केली. ताडपत्री फक्त टपावर टाकली आहे, बाजू मोकळ्या. थंडीत नि उन्हात तेवढे पुरते. उजवा पत्रा साफ करून नुसता प्रायमर लावून ठेवला आहे. त्यावर काय काढायचे यावरून आमच्यात दोन तट आहेत. अडचण एकच उरली आहे. यंदा छाटण्या उशिरा झाल्या, त्यामुळे माल मेच्या मध्यापर्यंत चालेल असे आप्पा म्हणतात, आणि वळवाचा पाऊस काही कोणासाठी थांबत नाही. मधल्या तीन-चार आठवड्यांसाठी नाशिक, दिंडोरी किंवा निफाडच्या बाजूला कोणाकडे बारा फुटांहून उंच दाराची शेड रिकामी असेल, तर त्यांनी या केंद्राच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे. गाडी ढकलली की हलते.