तुळस सुकली, बोल कुणाला?

वैशाखाचं ऊन तापलंय आणि या दिवसांत आमच्या गटात एक विषय हमखास निघतो : अंगणातली तुळस सुकली. त्याच्या मागोमाग दुसरा निघतो : कुणीतरी अडचणीत असताना शिवलं असेल. बोट जातं सुनेकडे, नाहीतर वयात आलेल्या पोरीकडे. म्हणून आज तुळशीबद्दलच बोलू.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली पूर्णाकाठची गावं खारपाणपट्ट्यातली. बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेच पाणी रोज तुळशीला जातं. शेतातलं मीठ निदान पावसाळ्यात थोडंफार धुऊन जातं. कुंडीतलं जाणार कुठं? पाणी उन्हानं उडतं, मीठ तिथंच राहतं. मातीवर, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजावं. मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा करपतात. बघणाऱ्याला वाटतं तहानलीय, म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो.

त्यात आपली काळी माती. शेतात सोनं, पण डब्यात वाळली की दगड आणि भिजली की चिखल. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात.

शिवाशिवीचं म्हणाल, तर कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया महिन्यातले चार दिवस घरी बसतात का? पऱ्हाटी तर सुकत नाही. त्याच हातानं तुळस बरी सुकेल!

आता झाड वाचवायचं कसं ते ऐका. आधी खोडाला नखानं हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. वरून खालपर्यंत सगळं तपकिरी, कोरडं असेल तर ते गेलं. त्याच्या मंजिऱ्या चोळून बी ठेवून द्या. जीव असेल तर दिवस कलल्यावर झाड मुळांसकट अलगद काढा. काळी पडलेली, मऊ झालेली मुळं कापा. वाळक्या फांद्या आणि मंजिऱ्याही खुडा. बी धरण्यात झाडाची ताकद जाते. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. भोकावर खापराचा तुकडा ठेवा. एक वाटा काळी माती, एक वाटा नदीची रेती, एक वाटा चाळलेलं, जुनं शेणखत मिसळून भरा. ताजं शेण नको, युरिया तर नकोच. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. ओट्यावरच्या वृंदावनालाही पाणी जायला वाट आहे का, ते बघा.

पाणी मात्र गोडं द्या. तुम्ही म्हणाल, प्यायला विकतचा कॅन आणतो, तुळशीला कुठून देऊ? खरं आहे. पण तांदूळ-डाळ गोड्या पाण्यात धुतली, तर तेच पाणी तुळशीला पुरतं. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. नैवेद्याचं दूधही मातीत ओतू नका, मुंग्या आणि बुरशी येते. दिवा खोडापासून हातभर लांब.

एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी दिसते : आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना सोडतात. मशीननं काढलेलं मीठ त्याच पाण्यात असतं. ते बोअरच्या पाण्याहूनही खारं.

पाऊस लागला की टिनाच्या पागोळ्यांखाली ड्रम लावा. पहिल्या पावसाचं पाणी टिनावरची धूळ घेऊन येतं, ते जाऊ द्या. दुसऱ्या पावसाचं धरा आणि कुंडी दोनदा भरेल एवढं पाणी तिच्यात हळूहळू ओता, बुडाच्या भोकातून वाहू द्या. साठलेलं मीठ त्याबरोबर निघून जातं. ठेवलेलं बीही तेव्हाच पेरा, वर माती अगदी चिमूटभर.