रूळ संपतात तेथून पुढे



संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. मुंबईहून आलेली लोकल बदलापूर स्टेशनात शिरते आणि माणसांचा लोंढा जिन्याकडे धावतो. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर उभ्याने आलेला मनुष्य मनाशी म्हणतो, "पोचलो एकदाचा!" पण तो खरोखर पोचलेला असतो का? शहरात राहणाऱ्याचे घर अजून दोन-तीन किलोमीटर दूर असते, आणि खेड्यातल्याचे दहा-बारा. आगगाडीने आपले काम केले. उरलेल्या वाटेचे काय? त्या उरलेल्या वाटेविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

हा मुलूख आगगाडीने फार लवकर पाहिला. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि १८५६ साली ते बदलापुरावरून पळसदरीकडे गेले. अंबरनाथला त्याच्याही आधी आठशे वर्षे शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर उभे होते. पुढे तेथे आगपेट्यांचा कारखाना आला, दारूगोळ्याचा कारखाना आला. उल्हासनगर तर फाळणीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली आणि १९४९ साली गावाला उल्हास नदीवरून नवे नाव मिळाले. आजही तेथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतो. २०११ च्या शिरगणतीत एकट्या उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर आणि अंबरनाथची अडीच लाखांवर होती. माणसे अशी वाढली. पण स्टेशनापासून घरापर्यंतची सोय त्या मानाने वाढली नाही.

मुंबईत बेस्टची पहिली मोटारबस १९२६ साली निघाली. आपल्या एस्. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. कल्याण, विठ्ठलवाडी, मुरबाड येथल्या आगारांनी या भागातली खेडी वर्षानुवर्षे जोडून ठेवली. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९९९ साली स्वतःच्या बसगाड्या काढल्या. उल्हासनगर महापालिकेची बस सुरू झाली, मध्येच बंद पडली आणि काही वर्षांनी विजेवरच्या गाड्या घेऊन पुन्हा रस्त्यावर आली.

आता तुम्ही विचाराल, स्टेशनाबाहेर एवढी गर्दी असताना बस तोट्यात जाते तरी कशी? हिशेब साधा आहे. सकाळी सारी माणसे स्टेशनाकडे येतात, म्हणून गाडी येताना भरलेली आणि जाताना रिकामी. संध्याकाळी उलटे. समजा, एका बाजूने ५० माणसे मिळाली आणि दुसऱ्या बाजूने ८, तर गाडीला डिझेल दोन्ही वेळा सारखेच लागते. शिवाय दुपारभर गाडी आणि माणसे नुसती बसून राहतात. त्यात स्टेशनाजवळच्या दोन-तीन किलोमीटरांचा भरघोस धंदा शेअर रिक्षा नेते. रिक्षावाल्याला मी दोष देत नाही, त्यालाही पोट आहे. पण दुधावरची साय एकाने काढून घेतली, की उरलेल्या दुधावर बसने किती घरे पोसायची? म्हणून पहिली कुऱ्हाड पडते ती लांबच्या, खेड्याच्या फेरीवर.

दुसरी अडचण हद्दीची. उल्हासनगर कुठे संपले आणि अंबरनाथ कुठे लागले, हे रस्त्यावरून चालणाऱ्याला कळतसुद्धा नाही. कागदावर मात्र तेथे दोन कारभार आहेत. प्रवाशाला हद्द नसते, बसला असते. सगळ्या गावांनी मिळून एकच वेळापत्रक केले आणि ते लोकलच्या वेळांशी जुळवले, तर आहेत त्याच गाड्यांत अधिक माणसे घरी पोचतील.

आणि बस म्हणजे केवळ गरिबाची गैरसोय, असेही समजू नका. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे लोकल बंद झाली. तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना उपनगरांतून मुंबईला नेले ते एस्. टी.च्या आणि बेस्टच्या गाड्यांनीच. रूळ थांबले तेव्हा चाक उपयोगी पडले.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. मी या भागात महाविद्यालयात शिकवतो. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची मुलगी माझ्या वर्गात होती. शेवटच्या तासाला ती नेहमी दाराजवळ बसे आणि सारखी घड्याळाकडे पाही. एकदा मी चिडून म्हणालो, "अगं, लक्ष कुठे आहे तुझे?" ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, आमची गाडी गेली, की मागून काही नाही हो."

पुढे संध्याकाळची ती फेरी बंद झाली. काही दिवस ती दुसऱ्या गावापर्यंत येऊन तेथून चालत गेली. पावसाळ्यात दिवस लवकर मावळू लागला, तसे वडिलांनी तिचे कॉलेज थांबवले. आणि मी काय केले? हजेरीपटावर तिच्या नावापुढे दोन महिने गैरहजेरीची खूण करीत राहिलो. कारण विचारायला गेलो तोवर तिचे लग्न ठरले होते.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. शिक्षक बंधुभगिनींनो, ती तुमच्याही उपयोगाची आहे. विद्यार्थ्यांना एस्. टी.च्या मासिक पासात मोठी सवलत आहे, ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. पण पास हातात असून गाडीच नसेल, तर त्या पासाचे काय करायचे? म्हणून शाळा उघडण्यापूर्वी आपल्या मुलांची गाववार यादी करा. कोणत्या गावची किती मुले, शाळा किती वाजता सुटते, हे एका कागदावर लिहा. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडा आणि तो कागद आगार व्यवस्थापकांच्या हाती द्या. "गाडी पाहिजे" असे नुसते म्हटले, की ती तक्रार होते. "साडेपाचला या थांब्यावर २७ मुले उभी असतात" असे म्हटले, की तो हिशेब होतो. आणि हिशेबाला उत्तर द्यावेच लागते. फेरी मिळाली, की मात्र गावाने ती वापरली पाहिजे. चार दिवस जीपने जायचे आणि पाचव्या दिवशी बसची वाट पाहायची, असे केले तर कोणतीही बस टिकणार नाही.

आमच्या महाविद्यालयात आता दर जूनमध्ये अशी यादी होते. एका मार्गावर वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकली, एवढेच यश आजवर पदरी पडले आहे. पण त्या अर्ध्या तासामुळे काही मुली शेवटचा तास पुरा करून घरी जातात आणि माझ्या वर्गात दाराजवळचे बाक रिकामे असते. ते तसेच रिकामे राहो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.