घरपट्टी कोण ठरवतं, आणि पावती कोणाकडे आहे?

(कार्यकर्ता शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झालेले भाषण. पाड्यापाड्यांवरच्या साथींनी मागितल्यामुळे लिहून काढून देत आहोत.)



काल दिवसभर आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोललो. आज मला घरपट्टीवर बोलायला सांगितलं आहे. रात्री जेवताना एक काका मला म्हणाले, "पोरी, जमिनीचं सोडून तू साठ-सत्तर रुपयांच्या पट्टीवर कुठं आलीस?" काकांना मी रात्री उत्तर दिलं नाही, कारण ते लांबलं असतं. आता देते.

वनहक्काचा कायदा 2006 चा. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. त्यातला 13 वा नियम पुराव्यांचा आहे. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड यांच्या बरोबरीनं तिथं घरपट्टीची पावती लिहिलेली आहे. आपला कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा दाखवायचा आहे. आणि एकच पुरावा बघून चालत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असंही त्याच नियमात आहे. म्हातारी माणसं सांगतात तो जबाब लिहून घेतला तर तो एक पुरावा. त्याच्या जोडीला दुसरा कोणता? आपल्यातल्या कितीतरी घरांत तो कौलाखाली, नाहीतर बांबूच्या नळ्यात पडलेला आहे, आणि आपल्याला त्याची किंमत ठाऊक नाही.

आमच्याच घरचं सांगते. आमचं घर फॉरेस्ट प्लॉटवर आहे, आज्यानं बांधलेलं, कारवीच्या कुडाचं. दर मार्च महिन्यात पंचायतीचा माणूस पाड्यावर यायचा, बाबा पैसे द्यायचे. दाव्यासाठी मी नळा उपडा केला तर सात कागद निघाले. त्यात खऱ्या पावत्या दोनच, शिक्का आणि पावती क्रमांक असलेल्या. बाकी पाच नुसत्या चिठ्ठ्या. "चाळीस रुपये मिळाले", बस. सही कोणाची ते कळत नाही, वर्ष नाही, घर नंबर नाही. पैसे सातही वेळा खरे गेले. आणि ज्या दोन पावत्या चांगल्या होत्या, त्यातल्या एकीवर आज्याचं नाव असं लिहिलं होतं की शेजारच्या पाड्यावरच्या माणसाचं वाटावं.

मग मी पंचायतीत गेले. तिथं मला जे कळलं ते आज सांगायचं आहे.

पंचायतीच्या दप्तरात नमुना आठ नावाची वही असते. ती कर आकारणीची यादी. प्रत्येक घर, त्याचा नंबर, लांबी-रुंदी, कुडाचं की विटांचं की सिमेंटचं, आणि त्यावर किती कर बसला हे तिच्यात असतं. त्या यादीवरून मागणीची वही होते, तो नमुना नऊ. आणि आपण पैसे दिले की जी पावती मिळायला पाहिजे तो नमुना दहा. हे तीन आकडे पाठ करा, बायांनी तर नक्की करा, कारण पैसे मागायला माणूस येतो तेव्हा घरात बहुतेक वेळा आपणच असतो. "भाऊसाहेब, नमुना दहाची पावती द्या" एवढं म्हटलं तरी समोरचा माणूस नीट बसून लिहायला लागतो. मी हे बघितलेलं आहे.

नमुना आठमध्ये दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. एक मालकाचा, दुसरा भोगवटा करणाऱ्याचा. आमच्या घरासमोर मालक म्हणून सरकार लिहिलं होतं. मला आधी राग आला. मग दुसऱ्या रकान्यात बघितलं तर आज्याचं नाव, या वेळी बरोबर लिहिलेलं. आपल्याला दाव्यात मालकी दाखवायचीच नाही, कब्जा दाखवायचा आहे. म्हणजे दुसरा रकानाच आपल्या कामाचा. पावती वाळवीनं खाल्ली असली तरी पंचायतीच्या दप्तरातली जुनी यादी असते. तिची सही-शिक्क्याची नक्कल मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत.

आता दर कसा ठरतो ते. बऱ्याच जणांना वाटतं वरून, तालुक्यावरून आकडा येतो. तसं नाही. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा आहे, त्याच्या कलम 124 मध्ये पंचायतीला कर बसवायचा अधिकार आहे. सरकारनं नियमात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे देऊन ठेवले आहेत. कच्च्या घराला वेगळे, पक्क्या घराला वेगळे. त्या दोन आकड्यांच्या मधला कोणता दर घ्यायचा हे आपली पंचायत बैठकीत ठराव करून ठरवते. म्हणजे आपणच निवडून दिलेली नऊ-अकरा माणसं ठरवतात. ठराव झाला की नोटीस लावावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, त्यांचा विचार करून मग दर कायम होतो. आकारणीची यादीही अशीच आधी लोकांना बघायला ठेवायची, त्यावर हरकती ऐकायच्या, मग पक्की करायची. दर चार वर्षांनी ती यादी पुन्हा तपासून नवी करायची असते.

कागदावर हे इतकं छान आहे. पण नोटीस लागते पंचायतीच्या दारावर, आणि आपला पाडा तिथून दोन-तीन तासांच्या वाटेवर. नोटीस दिवाळीनंतर लागली तर पाड्यावर वाचणारं कोण असतं? भात झोडून झालं की निम्मी माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर, नाहीतर रेती काढायला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला पाड्यावरून येतात ती म्हातारी आणि शाळेची पोरं. आणि पोरं तर झेंडावंदनाचा खाऊ घेऊन पळतात. मग वहीत लिहिलं जातं, "हरकत कोणाचीही नाही, सर्वानुमते मंजूर." ते खोटंही नसतं.

दरातला फरक केवढा, हे एकदा हिशेब करून बघा. समजा घर वीस फूट बाय पंधरा फूट, म्हणजे तीनशे चौरस फूट. 2015 च्या आधी दर चौरस फुटावर असायचा, तेव्हा समजा फुटाला वीस पैसे, तर साठ रुपये. तोच तीस पैसे केला तर नव्वद. तीस रुपयांनी कोणी मरत नाही असं सरपंच म्हणतील. पण घर कुडाचं असून यादीत पक्कं लिहिलं, किंवा मोजमाप अंदाजानं टाकलं, तर तो फरक दरवर्षी तसाच चालू राहतो. आमच्या शेजारच्या घराला कौलं आहेत म्हणून ते पक्कं धरलं होतं, भिंती बघा तर कारवीच्या. यादी करताना कोणी पाड्यावर आलंच नव्हतं. म्हणून मोजायला आले की टेपचं दुसरं टोक आपल्या माणसानं धरायचं.

बिलावर घरपट्टीच्या खाली आणखी ओळी असतात. दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी. हे कर बसवायचाही पंचायतीला अधिकार आहे. पण आमच्या पाड्यावर विजेचा खांबच नाही आणि दिवाबत्ती लावलेली. विचारलं तर उत्तर मिळालं, "सगळ्या गावाला सारखी असते." मग आम्ही लेखी हरकत दिली. तिच्यावर अजून निर्णय नाही, पण पोच आमच्याकडं आहे. पंचायतीनं ऐकलं नाही तर कर आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडं अपील करता येतं, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं. हरकत तोंडी सांगून चहा पिऊन आलात तर अपिलात दाखवायला हातात काही राहत नाही.

आणि एक बघा. आपल्या कुडाच्या घरांची यादी करायला एवढी घाई, पण नदीकाठी शहरातल्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत, त्यांची नोंद नमुना आठला आहे का, कोणत्या मापानं आहे, हे कोणी विचारतं का? कारखाना असेल तर त्याच्याशी बोलणी करून सरकारच्या मंजुरीनं कराऐवजी ठोक रक्कम घ्यायची सोयही कायद्यात आहे. ती रक्कम किती हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. पंचायतीची तिजोरी रिकामी आहे म्हणून दर वाढवा असं सांगतात, तेव्हा आधी ही पानं उघडायला लावा.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. फॉरेस्टमधल्या घरांची नोंदच करत नाहीत. आमच्या पाड्यावर चौतीस घरं, त्यातली अकरा यादीत नाहीत. म्हणतात, "जागा वनखात्याची, नोंद केली तर आमच्यावर येईल." कलम 124 मध्ये कर इमारतीवर आहे. शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर पंचायतीचा कर नाही, पण तिच्यावर उभ्या असलेल्या घरावर आहे. जागा कोणाची हा प्रश्न वेगळा, घर उभं आहे आणि त्यात माणूस राहतो हे डोळ्यांनी दिसतं. नोंद केल्यानं जमीन आपल्या नावावर होत नाही, हे आपणही मान्य करतो, लिहूनही देतो. तेवढं सांगून नोंद मागा. ही नवी नोंद 2005 च्या आधीची होणार नाही, दाव्याला ती तशी उपयोगी नाही. पण उद्या कोणी घर पाडायला आला तर इथं घर होतं एवढं तरी कागदावर राहील.

यावरून एक सावध करते. काही ठिकाणी मागच्या तारखेच्या पावत्या विकत मिळतात असं ऐकू येतं, पाचशे-हजार रुपयांना. घेऊ नका. पावती पुस्तकाला क्रमांक असतो, तो त्या वर्षाच्या वहीशी जुळला नाही की तुमचाच नाही, सगळ्या पाड्याच्या दाव्यांकडं संशयानं बघतील. पुरावा कमी असेल तर म्हाताऱ्यांचा जबाब, जुनी झाडं, बांध, घराचा जोता दाखवू. खोटी पावती नको.

काल एका जुन्या साथींनी रागानं विचारलं, "आयुष्यभर संघटनेनं सांगितलं, गार्डाला कोंबडी देऊ नका, पैसे देऊ नका. आता तुम्ही सांगता पट्टी भरा?" बाबा, तुमचा राग मला पटतो. तुम्ही मार खाल्ला म्हणून आम्ही शाळेत गेलो. पण गार्ड घ्यायचा तो दंड नव्हता, लूट होती, म्हणून त्याची पावती नव्हती. घरपट्टीचा दर आपल्याला बघता येतो, त्यावर भांडता येतं आणि दिलेल्या पैशांची पावती घेता येते. जास्त बसवली तर लढू. मुळात भरायचीच नाही म्हटलं तर नुकसान आपलं आहे, आणि ते कुठं होतं ते निवडणुकीत दिसतं.

पंचायतीचं बिल रीतसर हातात दिल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर तो माणूस पंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही. हे कलम 14 मध्ये आहे. मागच्या निवडणुकीत आमच्याकडच्या एका बाईचा फॉर्म छाननीत असाच उडाला. राखीव जागा, सगळा पाडा तिच्या मागं, आणि नवऱ्याच्या नावच्या घराची थकबाकी काढली. बिल कधी दिलं होतं, कोणाला दिलं होतं, हे तिथं विचारायला आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. बिल बजावलंच नसेल तर ही अट लागत नाही. आम्हाला हे नंतर कळलं. तेव्हा ज्यांना उभं राहायचं आहे त्यांनी आत्तापासून बाकी तपासा.

दाखला अडवतात तेही सांगते. "आधी पट्टी भर, मग रहिवासी दाखला." कर वसूल करायची रीत कायद्यात दिलेली आहे. आधी बिल, मग मागणीचा हुकूम, मग जप्ती. पोराचा दाखला अडवून ठेवा असं त्या रीतीत कुठंही नाही. असं झालं तर लेखी कारण मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की दाखला निघतो.

बायांनो, आणखी एक, कारण हे पुरुष सांगणार नाहीत. घराच्या नोंदीला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. वनहक्काचा पट्टाही नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा आहे, हे त्या कायद्यातच आहे. मग नमुना आठमध्ये एकट्याचं नाव का? माझ्या आईचं नाव लावायचा अर्ज मी दिला तेव्हा भाऊसाहेब हसले. बाबाही हसले, पण अंगठा केला.

आता कामाचं. दिवाळीच्या आधी, माणसं भट्टीवर जायच्या आत, प्रत्येक पाड्यावर एक बैठक घ्यायची. ज्याच्याकडं जे कागद असतील ते घेऊन यायचं, फाटके असले तरी. शाळेत गेलेल्या पोरांनी एका वहीत उतरवायचं: घर नंबर, पावती क्रमांक, वर्ष, नाव कसं लिहिलं आहे. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांची वेगळी यादी करायची. मग पाच-सहा जणांनी मिळून पंचायतीत जाऊन नमुना आठ बघायचा, एकट्यानं जायचं नाही. येणाऱ्या मंगळवारी बाजाराच्या दिवशी आम्ही चौघी जाणार आहोत. वरच्या पाड्यावरून कोणाला यायचं असेल तर सकाळी नऊ वाजता वडाखाली थांबा, आणि म्हाताऱ्यांची रेशनकार्डं बरोबर आणा, नाव जुळवून बघायला लागतील.