निर्णयागणिक बदलणारा प्रसंग

आभासी वास्तवातल्या प्रशिक्षणात शिकणारा प्रसंग नुसता पाहत नाही. त्याच्या निर्णयानुसार पुढचे दृश्य बदलते. हृदय थांबल्यावरच्या तातडीच्या उपचारांचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलची २०१३ मधली ‘लाइफसेव्हर’ ही फिल्म याच बांधणीची. पुढे तिची आभासी वास्तवातली आवृत्तीही निघाली. समोर माणूस कोसळतो आणि आधी काय करायचे, हे पाहणाऱ्याला झटपट ठरवावे लागते.

असा प्रसंग प्रथम कागदावर उभा राहतो. निर्णयाच्या प्रत्येक जागेतून फांद्या फुटतात, आणि खरी अडचण इथेच असते. दर वेळी दोनच पर्याय ठेवले, तरी पाच निर्णयांनंतर ३२ आणि दहा निर्णयांनंतर १०२४ शेवट होतात. एवढी दृश्ये तयार कोण करणार? म्हणून जाणते पटकथाकार फांद्या थोड्या अंतरावर पुन्हा मुख्य वाटेला आणून मिळवतात. झालेल्या चुकांची नोंद मात्र संगणक ठेवतो. मदतीचा फोन उशिरा झाला, तर रुग्णवाहिकाही उशिरा येते. चुकीचे पर्याय हास्यास्पद असून चालत नाहीत. घाबरलेला माणूस खरोखर जे करील, तेच तिथे हवे.

दृश्ये ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने टिपतात किंवा युनिटी, अनरियलसारख्या गेम इंजिनांत उभारतात. टिपलेल्या दृश्यात माणसे खरी दिसतात, पण शिकणाऱ्याला जागा सोडता येत नाही. उभारलेल्या दृश्यात तो चालू-वाकू शकतो. हाताला मात्र दोन्हीकडे काहीच लागत नाही. त्यामुळे हृदय थांबलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबण्याच्या सरावाला पुतळाच लागतो.