फोटोतली भुते

(गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)

मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, बदली होऊन जबलपूरला आलेला. सिग्नलवर बोला म्हटले तर तासभर बोलेन. पण कार्यकारिणीने विषय दिला 'रात्रीचे फोटो', कारण गेल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचा मंडपाचा फोटो मी काढलेला होता. अनेकांनी विचारले, "त्यात ती भुते कशी आली हो?" तेच आधी सांगतो.

रात्री उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, वेळ २० सेकंद. बोटाचा धक्का लागू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावायचा. या २० सेकंदांत जो स्थिर, तो स्पष्ट येतो. जो १० सेकंद थांबून निघून गेला, त्याच्या आरपार मागची कनात दिसते. हेच आपले भूत! आणि जो सतत चालत राहिला, तो पुसलाच जातो. हातात दिवा असेल तर दिव्याची रेघ तेवढी उरते. पुलावरून रात्रीच्या गाडीचा फोटो घ्या, गाडी जवळजवळ दिसत नाही, मागच्या दिव्याची लाल रेघ दिसते. ग्वारीघाटावर नर्मदेत सोडलेले दिवेही अशाच रेघा ओढतात.

हे काही नवीन नाही. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, तोही दिवसा. त्या काळी एका फोटोला काही मिनिटे लागत. घोडागाड्या, पादचारी सगळे नाहीसे झाले. स्पष्ट उरला तो एक गृहस्थ, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता. माणूस दिसणारा हा सर्वांत जुना फोटो मानतात. पॉलिश करणारा मात्र त्याच्यापुढे धूसरच आहे.

आता मनातले सांगतो. आपल्या मंडपाची सगळी कामे अंगावर घेणारे दादा यंदा आपल्यात नाहीत. चैत्रात त्यांची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, बाबांचा उत्सवातला एखादा फोटो द्या, भिंतीवर लावायला." मी दहाही दिवसांचे फोटो काढून बसलो. खुर्च्यांवर बसलेले आपण सगळे स्पष्ट होतो. दादा जवळपास प्रत्येक फोटोत होते, पण पांढऱ्या सदऱ्याचा एक फराटा म्हणून. एका फोटोत तेवढे समईत तेल घालायला थांबलेले, तेही पाठमोरे. तोच दिला. तिने तो डोळ्यांना लावला. मला मात्र त्या मुखपृष्ठाची लाज वाटली.

म्हणून यंदा फ्लॅश बरोबर घेतला आहे. शटर मिटता मिटता तो उडवला की मागे धावपळीची रेघ उमटते आणि पुढे माणसाचा चेहरा लख्ख येतो.

माझे भाषण संपले. आता वाढणाऱ्या काकू, वायरिंगवाली मुले, चपला सांभाळणारे आजोबा, सर्वांनी पुढे यावे. खुर्चीवरच्यांनी हलले तरी चालेल.

गणपती बाप्पा मोरया!