अनुदान कोणाचे, नमुने कोणाकडे?



१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ लाकूडफाटा आणायला आणि गुरे चारायला जाणारी माणसे तापाने फणफणली. खबर पुण्याला गेली, कारण १९५२ पासून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी ते मिळून उभारले होते. माकडे मरताहेत म्हटल्यावर पहिला संशय आला तो पीतज्वराचा. दक्षिण अमेरिकेत तो तापही माकडांचा असाच बळी घेतो, आणि भारतात तो कधीच शिरला नव्हता. खरोखरच पीतज्वर असता, तर हाहाकार उडाला असता.

पुण्याचे पथक जंगलात उतरले. गोचीड गोळा करण्याची रीत साधी असते: फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून, झुडपांवरून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचून बाटलीत भरायचे. त्या बाटल्यांनी आणि मेलेल्या माकडांनी उत्तर दिले. विषाणू पीतज्वराचा नव्हता, तो सर्वस्वी नवा होता आणि गोचिडांमार्फत पसरत होता. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत आज त्या आजाराला क्यासनूरचेच नाव आहे.

या कथेत पैसा परका होता, पण प्रयोगशाळा पुण्यात होती आणि नमुनेही पुण्यात तपासले गेले. रॉकफेलर फाउंडेशनने पुढे काढता पाय घेतला, तरी केंद्र बंद पडले नाही. १९७८ मध्ये तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा करून वाढवण्याचे काम याच संस्थेने केले आणि कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणूही इथूनच गेला. आंतरराष्ट्रीय अनुदानाचे मोल अनुदान संपल्यावरच करावे, असे या भाषणाचे म्हणणे आहे. पैसा देणारा निघून गेल्यावर मागे काय उरले, ते आधी पाहावे.

क्यासनूरच्या विषाणूने आणखी एक काम काढले. त्याचे नाते रशियातल्या गोचीडजन्य विषाणूंशी जुळत होते. मग उत्तरेकडून येणारे पक्षी तर गोचीड वाहून आणत नसतील ना? हे तपासायला पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतला. त्यासाठी पैसे जागतिक आरोग्य संघटनेने दिले, आणि पुढे अमेरिकी लष्कराच्या एका सर्वेक्षणातूनही ते आले. पक्ष्यांच्या स्थलांतराची अमोल माहिती त्यातून जमली. मात्र पक्ष्यांच्या अभ्यासाला लष्कराचा पैसा कशाला, हा प्रश्न १९७४ च्या सुमारास उठलाच.

तो काळच संशयाचा होता, आणि संशयाचे मूळ गव्हात होते. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली १९५६ पासून भारतात गहू येऊ लागला. त्याच गव्हाबरोबर गाजरगवत आले, असे आजही गावोगाव सांगतात. या गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकवत असे आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साचत जात. इतक्या रुपयांचे करायचे काय? त्यातला काही भाग संशोधनाच्या अनुदानांना लागला, काही पुस्तकखरेदीला. १९६२ पासून अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे दिल्लीतले कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना धाडू लागले, त्यांत मराठीही होती. रेशनच्या गव्हाच्या पैशातून मराठी कादंबऱ्या अमेरिकी ग्रंथालयांच्या फडताळांत जाऊन बसल्या, हे साहित्यसंमेलनांतही फारसे कोणी सांगत नाही. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताच्या हाती ठेवला, तेव्हा त्या साठ्याचा मोठा भाग निकाली निघाला.

याच रुपयांवर दिल्लीत डासांचा प्रकल्प चालला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम १९६९ मध्ये सुरू झाला. नर डास वंध्य करून सोडायचे म्हणजे प्रजा आपोआप घटेल, ही कल्पना चांगलीच होती. हत्तीरोग आणि मलेरिया पसरवणाऱ्या डासांचा अभ्यास कोणाला खुपला नसता. पण मोठ्या प्रमाणावर डास सोडण्याचा बेत दिल्लीजवळच्या सोनीपतला होता आणि ते डास एडिस इजिप्ती या जातीचे होते. ही जात पीतज्वर पसरवते, आणि पीतज्वर भारतात नाही! वर्तमानपत्रांनी विचारले, संसदेत गदारोळ झाला, लोकलेखा समितीने १९७५ मध्ये कडक अहवाल दिला. जैविक युद्धाची तयारी चालल्याचा आरोप जागतिक आरोग्य संघटनेने ठामपणे फेटाळला, आणि तो सिद्धही झाला नाही. तरी १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तिथले शास्त्रज्ञ प्रामाणिक होते असे मानायला हरकत नाही. पण कोणता डास, कोणत्या गावात आणि कशासाठी, याचे उत्तर सोनीपतच्या लोकांना आधी मिळायला हवे होते. ते न मिळाल्याने चांगले तंत्रही बदनाम झाले.

आता जरा अलीकडे येऊ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. अमेरिकेकडे तिसऱ्या यंत्राचे सुटे भाग तयार होते आणि ते आधी ऑस्ट्रेलियाला जायचे होते. ऑस्ट्रेलियाला पैशाची जुळवाजुळव जमली नाही, म्हणून संधी भारताकडे आली. यंत्राचे भाग त्यांचे. जमीन, इमारत, निर्वात नळ्या आणि चालवण्याचा खर्च आपला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटातून गाळून काढण्याच्या पद्धतींवर आधीच वर्षानुवर्षे काम केले होते. त्यामुळे भारत या वाटाघाटीत रिकाम्या हाताने बसला नव्हता.

या लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. एवढी घाई सरकारी फाइलीने क्वचितच पाहिली असेल. २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मात्र एप्रिल २०२३ मध्ये आली. मधली सात वर्षे गेली ती गेलीच, आणि त्या काळात पीएच.डी. करणारी मुले परदेशी यंत्रांच्या आकडेवारीवरच काम करत राहिली.

उशीर हे आपले जुने दुखणे. दोन देशांच्या संयुक्त प्रकल्पात तिकडचा हप्ता वेळेवर येतो आणि इकडचा अडकतो. मागच्या हप्त्याची ‘यूसी’, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे खर्चल्याचे प्रमाणपत्र, पोहोचली नाही म्हणून पुढचा थांबतो, आणि रसायनांची ऑर्डर प्रोजेक्ट फेलोच्या पगारासकट लटकते. स्वयंसेवी संस्थांची अडचण निराळी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेने परकीय निधी घ्यायचा आणि खेड्यात आरोग्याचे काम करणाऱ्या लहान संस्थेला त्यातला वाटा द्यायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. हेतू हिशेब चोख राहण्याचा असेल, पण त्याची किंमत लहान संस्थांनी मोजली.

तिकडचा पैसाही बेभरवशाचा आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने जाहीर केले, की नवी पद्धत ठरेपर्यंत परदेशी संस्थांना उपअनुदान असलेली अनुदाने दिली जाणार नाहीत. अशा वेळी ज्या गटाकडे स्वतःचा थोडा तरी पैसा असतो, त्याचे काम चालू राहते. बाकीच्यांना शीतपेट्यांतले नमुने सांभाळायलाही वीजबिल परवडत नाही.

म्हणून सरकारला विनंती एवढीच, की आंतरराष्ट्रीय करारात कबूल केलेला आपला हिस्सा वर्षाच्या सुरुवातीलाच संस्थेच्या खात्यात जमा व्हावा. आणि सभागृहात बसलेल्या तरुण संशोधकांनो, मंजुरीपत्र आल्याच्या आनंदात करारावर सही करू नका. नमुने कुठे ठेवायचे, आकडेवारी कोणाच्या ताब्यात राहील, शोधनिबंधावर कोणाची नावे लागतील आणि प्रकल्प संपल्यावर यंत्रे कोणाची, हे आधी कागदावर लिहून घ्या.