वाडीच्या प्रवासाची वही
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. पंगतीत वाढायला सांगा, दोनशे पाने उठेपर्यंत मी दमणार नाही. पण चार बायकांसमोर बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. तरी चिटणीसबाईंनी ऐकले नाही. "तुमची ती वही घेऊन या आणि कशी केली ते सांगा, टाकाऊतून टिकाऊ म्हणून कार्यक्रमात घालू," असे त्या म्हणाल्या. वही आणली आहे. पण ती टिकाऊ आहे असे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, आणि हौसेने केली असेही नाही. खरे सांगायचे तर मी ती रागाने केली.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी सासूबाईंना घेऊन कोल्हापूर, जोतिबा आणि नरसोबाची वाडी असा तीन दिवसांचा प्रवास केला. त्यांचे माहेर वाडीच्या पलीकडचे, कुरुंदवाडचे. वय अठ्ठ्याहत्तर. विसर पडू लागला होताच. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असा शब्द सांगितला होता, तेव्हा पाय चालताहेत तोवर माहेरचा घाट दाखवून आणावा असे मनात आले. भिशीचा माझा नंबर लागला होता. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून तिकीट पडत नाही, आणि बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे झाले, म्हणून खर्चही बेताचा आला. अंबाबाईचे दर्शन झाले, जोतिबाचा डोंगर झाला, वाडीला पायऱ्यांवर बसून त्यांनी पाण्यात पाय सोडले. मला धन्य वाटले.

परत आल्यावर पंधरा दिवस गेले असतील. एक शेजारीण घरी आल्या. (त्या आज इथे आहेत की नाहीत हे मी सांगणार नाही!) सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मला मेलीला कोण नेतंय वाडीला? दहा वर्षं झाली, माहेरचं पाणी पाहिलं नाही." शेजारणीने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी अजून विसरले नाही. मी मोबाइलमधले फोटो काढून दाखवले. सासूबाईंनी दोन पाहिले, तिसऱ्याला बोट लागून चित्र पळाले, आणि त्या म्हणाल्या, "ह्या यंत्रात काय, कुणाचंही काही दिसतं."

त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी उठून भिंतीवरचे कॅलेंडर काढले. त्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते. प्रवासाच्या तिन्ही तारखांच्या घरांत माझ्याच अक्षरात 'खाडा, खाडा, खाडा' असे लिहिलेले होते. मनात म्हटले, हा घ्या पुरावा! आम्ही घरी नव्हतो, म्हणून तर दूध घेतले नाही. ती तीन घरे मी कात्रीने कापली आणि एका जाड कागदावर चिकटवली. वहीचे पहिले पान ते.

जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. आपल्या सर्वांच्या घरी त्यांचा गठ्ठा असतो, कारण वर गणपती छापलेला असल्यामुळे रद्दीत घालायला जीव धजत नाही. मी गणपती तेवढे अलगद कापून घेतले, एक पहिल्या पानावर लावला, बाकीचे देवघराच्या खणात आहेत. पत्रिका उलट्या घडी घातल्या की आतली कोरी बाजू वर येते. सहा-सहा पत्रिकांची एक जुडी करून दाभणाने मध्ये पाच भोके पाडली आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवली. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा. त्यावर माझ्या जुन्या परकराचे कापड चढवले.

आता खळ. चिकटवायला बाजारचा डिंक महाग पडतो, म्हणून मी मैद्याची खळ केली. पहिल्या खेपेला लापशीसारखी दाट केली, तो कागद सुरकुतला आणि आठ दिवसांत झुरळांनी कोपरे खाल्ले. पुस्तके बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात, मग कीड लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण मोरचूद विषारी. आणि सासूबाईंना पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय. म्हणून तो विचारच सोडला. एक चमचा मैदा गार पाण्यात गुठळी न होईल असा कालवायचा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळायचा. पांढरेपणा जाऊन काचेसारखा दिसू लागला की उतरायचा. अगदी पातळ हात फिरवायचा. पान सावलीत वाळवून वर पाटा ठेवायचा. खळ रोजची रोज करावी, दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. वहीच्या डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने असतात, ती मी दर महिन्याला बदलते.

इस्त्री मात्र करू नका. ही माझी मोठीच फजिती. पूर्वी एसटीचा वाहक पेटीतून रंगीत छापील तिकीट काढून चिमट्याने भोक पाडून देई, ते वर्षानुवर्षे टिकायचे. आताचे यंत्रातून निघणारे तिकीट तसे नाही. त्यावर शाईच नसते. कागदाला लावलेले रसायन उष्णतेने काळे पडते आणि अक्षरे दिसतात. मला हे कुठे माहीत? सासूबाईंचे शून्य रुपयांचे तिकीट मी मोठ्या अभिमानाने लावले, पान सरळ व्हावे म्हणून वरून इस्त्री फिरवली, आणि तिकीट क्षणात तव्याच्या बुडासारखे काळे! मुलगा हसून लोळला, आणि मग त्याने मला हे रसायन समजावून दिले. दुसरे तिकीट माझे. ते काळे झाले नाही, पण उजेडाने दिवसेंदिवस फिके पडत गेले. आता त्याच्या शेजारी मी पेन्सिलीने तारीख, गाव आणि भाडे लिहून ठेवले आहे. काळे तिकीट तसेच ठेवले. तेही प्रवासातलेच.

लिहायची मला लाज वाटते. जोडाक्षर आले की हात अडतो. म्हणून गावांची नावे मी वर्तमानपत्रातल्या मथळ्यांतून अक्षरे कापून लावली. 'कोल्हापूर' अर्ध्या तासात सापडले. 'नृसिंहवाडी'तला 'नृ' चार दिवस हुडकला, मिळाला नाही, शेवटी 'वाडी' एवढेच लावले. नाही तरी आपण सगळे वाडीच म्हणतो.

रंग विकत आणला नाही. रस्त्याची पाने चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून काढली, त्याला धुळीचा रंग येतो. अंबाबाईच्या पानाला हळद लावली आणि तिच्यावर चुन्याच्या निवळीचे बोट फिरवले, की कुंकवासारखा लाल उमटतो; आपल्या घरांतून कुंकू असेच तर करीत. पण हळद उन्हात उडते, तेव्हा ती वही खिडकीत ठेवू नये. जोतिबाच्या पानासाठी काहीच करावे लागले नाही. डोंगरावर गुलालात न्हालेला माझा रुमाल मी धुतला नव्हता, तोच कापून लावला. तो समोरच्या पानाला लागून तेही गुलाबी झाले, म्हणून मध्ये पेढ्याच्या खोक्यातला बटरपेपर घातला आहे. त्याच पानावर दवण्याची एक काडी दोऱ्याने टाचली आहे. तिचे पुढे सांगते.

सर्वांत वेळ लागला तो नदीच्या पानाला. चार पत्रिका एकीला एक जोडून लांब घडीचे पान केले. सासूबाईंच्या एका निळ्या साडीचा काठ तेवढा धड राहिला होता. कृष्णेला काठ तर हवाच! तो काठ मी वरून खाली लावला. महाबळेश्वरपासून वाई, माहुली, आपले कऱ्हाड, औदुंबर, सांगली आणि खाली वाडी. गोळ्यांची रिकामी पाकिटे घरात ढिगाने असतात, त्यांची चांदी सोलून पाण्यावरची चमक केली. कडा बोचतात, तेव्हा त्या दुमडून घ्याव्या. कवठाच्या बर्फीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून वाडीच्या पायऱ्या केल्या.

आपल्या इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग पूर्वेला वळतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. मला वाटले, संगम म्हणजे असाच. म्हणून वाडीलाही मी पंचगंगा खालून वर आणून कृष्णेला समोर भिडवली, आणि दोघींच्या अलीकडे वाडी व कुरुंदवाड शेजारी शेजारी ठेवून दिले.

वही पुरी व्हायला अडीच महिने लागले. एका दुपारी मी ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. खरे सांगते, मनात अजून तोच राग होता. आता म्हणा, कोणी नेले नाही म्हणून! खाड्याचे पान त्यांनी पाहिले आणि "दूध का घेतलं नाहीस गं?" असे मलाच विचारले. तिकिटाचे पान उलटले. जोतिबाच्या पानावर त्या थांबल्या. दवण्याची काडी नाकाशी नेली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चांगभलं." एवढेच. मी विचारले, "आई, आपण गेलो होतो ना?" त्या म्हणाल्या, "मी वडिलांबरोबर गेले होते. खांद्यावर बसून."

मग नदीचे पान आले. ते मी पुरते उलगडले. त्यांनी काठावरून बोट फिरवत फिरवत खाली आणले आणि वाडीपाशी येऊन जोरात डोके हलवले. "हे चुकलं. पंचगंगा अशी समोरून येत नाही. ती मावळतीकडून येते, वाडी आणि कुरुंदवाडच्या मधून. आमचं घर ह्या अंगाला, देऊळ पलीकडं. आम्ही नावेतून जायचो." मग पावसाळ्यात देवळात पाणी कसे चढते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने कसे बाहेर पडते, त्या पाण्यात स्नानाला लोक कसे धावतात, हे सारे त्यांनी सांगितले. लग्नाला माझ्या चोवीस वर्षे झाली. इतके त्या माझ्याशी एका दमात कधी बोलल्या नव्हत्या.

माझा राग कुठे गेला ते कळले नाही. सकाळचे जेवण न आठवणाऱ्या बाईने माझी नदी दुरुस्त केली होती. मी तिथल्या तिथे खळ केली, ओल्या फडक्याने काठाचा तुकडा सोडवला, आणि त्या सांगतील तसा लावला. कुरुंदवाड त्यांनी स्वतः चिकटवले. थोडे तिरके आहे, दिसेलच.

म्हणून त्यांची आठवण परत आली असे कोणी समजू नये. मला एका भगिनीने तसे विचारले होते. नाही आली. माझ्याबरोबरचा प्रवास त्यांना आजही आठवत नाही आणि आठवणार नाही. ती तीन घरे खाड्याची ती खाड्याचीच राहिली. पण आता शेजारीण आली की त्या वही मागतात आणि पंचगंगा कुठून येते ते दाखवतात, आणि शेजारणी माझ्याकडे तसे पाहत नाहीत.

एक गोष्ट राहिली. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात सांगलीला माझ्या माहेरी पाणी शिरले, तेव्हा आईच्या लग्नाचा एकुलता एक फोटो भिजून त्याचा लगदा झाला. तेव्हापासून कागदाची वस्तू मी पलंगाखालच्या पेटीत ठेवत नाही. ही वही दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, जोडून केलेल्या आवरणात घालून माळ्यावर असते.

ज्यांना करायची असेल त्यांनी प्रवास लांबचाच पाहिजे असे समजू नये. वडील माणसाला घेऊन तालुक्याच्या बाजारापर्यंत जाऊन आलात तरी पानभर ऐवज पिशवीत येतो, तो घरी आल्या आल्या झाडून टाकू नये. आणि पान करताना त्यांना शेजारी बसवा. मी एकटीने रागाने केले, म्हणून नदी चुकली.

वही पुढे टेबलावर ठेवते. सावकाश पाहा, बोट ओले करू नका, दवण्याच्या काडीला हात लावू नका, ती आता चुरते आहे. साडेचारच्या आत मात्र मला परत द्या. सासूबाई चहाला उठल्या की ती मागतात.